फाइल ग्राहकाच्या हाती देण्याआधी

शिफ्टची कळ दाबून धरायची आणि मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये बनवलेली फाइल उघडायची. हौसेने सजवलेला पहिला फॉर्म येत नाही, लॉगिन विचारलं जात नाही, मेनू लपवणारा कोड चालतच नाही. टेबलं, क्वेऱ्या, फॉर्म, रिपोर्ट, मॉड्यूल सगळं समोर मांडलेलं. प्रोग्राम लिहिणाऱ्याला आपल्याच फाइलमध्ये शिरता यावं म्हणून ठेवलेली ही सोय आहे आणि ती बंदही करता येते. पण त्यासाठी ‘अलाउ-बायपास-की’ नावाची प्रॉपर्टी कोड लिहून फाइलमध्ये निर्माण करावी लागते. सेटिंगच्या खिडकीत तिच्यासाठी टिचकी मारायचा चौकोन नाही. म्हणून ग्राहकांकडे बसवलेल्या कितीतरी प्रोग्रामांत ती नसतेच.

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेने जुनं सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं आणि मला बोलावलं. जुना प्रोग्राम दुसऱ्या कुणी लिहिलेला होता. त्याची रचना समजून घ्यायला मी कॅश काउंटरमागे खुर्ची ओढून बसले, तर तिथला तरुण क्लार्क म्हणाला, “ताई, लॉगिन करत बसायला नको. हे बघा.” डाव्या हाताने शिफ्ट, उजव्या हाताने माउसचं डबल क्लिक. त्याने पिग्मीचं टेबल उघडलं, खाली जात जात एका ओळीवर थांबला, तारखेच्या रकान्यात आदल्या दिवसाची तारीख टाकली आणि एंटर मारला. एजंटाने भरणा उशिरा आणून दिला होता, दिवसअखेर झाल्यावर फॉर्म मागची तारीख घेत नव्हता, म्हणून हा उपाय. तो त्याला आधीच्या क्लार्कने शिकवला होता. मुलाच्या मनात काडीचं कपट नव्हतं; सभासदाचं एका दिवसाचं व्याज बुडू नये एवढीच तळमळ. पण तारखेच्या शेजारचा रकाना रकमेचा होता. तिथला आकडा बदलला असता तर तो कोणी बदलला, कधी बदलला, आधी काय होता, याचा मागमूसही राहिला नसता. रोजकीर्द आणि तेरीज त्याच टेबलावरून छापली जायची, म्हणजे कागदावरही सगळं जुळलेलंच दिसलं असतं.

पतसंस्था, दूध संस्था, सेवा सोसायट्या, औषधांचे होलसेलर यांच्यासाठी ॲक्सेसमध्ये सॉफ्टवेअर लिहून देणं हा आमच्या भागात बराच काळ चाललेला धंदा आहे. कारणं साधी. ॲक्सेस ऑफिसच्या संचात यायचं, फॉर्म आणि रिपोर्ट झटपट बनायचे, पासबुक छपाईचा मेळ डॉट मॅट्रिक्स प्रिंटरशी बसवता यायचा आणि सगळा कारभार एका फाइलमध्ये राहायचा. ॲक्सेस २००० पासून युनिकोड आलं, तेव्हा सभासदांची नावं श्रीलिपीसारख्या फाँटांच्या खोड्यातून सुटून खऱ्या देवनागरीत ठेवता येऊ लागली. एक माणूस, एक संगणक आणि हिशेबाची जाण, एवढ्या भांडवलावर संस्थेला पुरेल असं सॉफ्टवेअर उभं राहायचं. मला या कामाचा अभिमान आहे. लाखो रुपयांची पॅकेजं ज्यांना परवडत नव्हती त्यांची खतावणी या प्रोग्रामांनी संगणकावर आणली.

या धंद्यात प्रत्येकाला एक धास्ती असते: आपला कोड चोरीला जाईल. वरचं नाव बदलून आपलाच प्रोग्राम शेजारच्या तालुक्यात चालतोय, अशा कथा सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, आणि त्यांतल्या काही खऱ्याही असतात. त्यामुळे ग्राहकाला फाइल देण्याआधी जो वेळ सुरक्षेवर जातो, तो जवळपास सगळा कोड झाकण्यात जातो. मग लायसन्सचं कुलूप. वेळ उरलाच तर डेटा. इतकी वर्षं हे काम करताना माझं मत पक्कं होत गेलं की हा क्रम साफ उलटा आहे. कोड माझा आहे. तो गेला तर माझं नुकसान. डेटा सभासदांचा आहे, आणि त्यांना तर माझं नावही ठाऊक नसतं.

कोडचं काम सोपं आहे, म्हणून ते आधी सांगून टाकते. जुन्या एमडीबी फाइलची एमडीई करायची, नव्या एसीसीडीबीची एसीसीडीई. तसं केलं की व्हीबीएचा मूळ मजकूर फाइलमधून निघून जातो, फक्त कंपाइल झालेलं रूप उरतं आणि फॉर्म-रिपोर्ट डिझाइनमध्ये उघडत नाहीत. मूळ फाइल मात्र जिवापाड जपायची, कारण एसीसीडीईवरून मागे येण्याचा सरळ रस्ता नाही. बत्तीस बिटच्या ऑफिसवर बनवलेली एसीसीडीई चौसष्ट बिटच्या ऑफिसवर चालत नाही, हेही ग्राहकाच्या दारात उभं राहून कळण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

पण एसीसीडीई काय झाकत नाही ते नीट पाहावं. टेबलं झाकत नाही, क्वेऱ्या झाकत नाही, मॅक्रो झाकत नाही. व्याज आकारणीचं सगळं गणित क्वेरीत लिहिलं असेल तर ते कुणीही वाचू शकतं. कोडमध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेले शब्दही कंपाइल केलेल्या फाइलमध्ये तसेच पडून असतात; हेक्स एडिटरने फाइल उघडली की ओळखू येतात. म्हणून कोडमध्ये पासवर्ड लिहून त्यावर एसीसीडीईचं पांघरूण घालणं म्हणजे तो उघड्यावर ठेवण्यासारखंच. आणखी एक गैरसमज सर्रास दिसतो. फाइलचं एक्स्टेन्शन एसीसीडीआर केलं की ती रनटाइमच्या रूपात उघडते, मेनू आणि टेबलांची यादी दिसत नाही. काही जण यालाच सुरक्षा म्हणतात. पण शेवटचं अक्षर पुन्हा बदललं की सगळं परत दिसतं. ही वापरणाऱ्याच्या पडद्यावरची आवराआवर झाली, सुरक्षा नव्हे.

आता डेटा. कोणताही शहाणा माणूस प्रोग्रामचे दोन भाग करतो: टेबलं एका फाइलमध्ये, ती सर्व्हर म्हणून ठेवलेल्या संगणकावर, फॉर्म, रिपोर्ट आणि कोड दुसऱ्या फाइलमध्ये, ती प्रत्येकाच्या मशिनवर. टेबलांच्या फाइलला पासवर्ड घालतो. इथपर्यंत सगळे येतात, आणि इथेच थांबतात.

माझ्याकडे काम शिकायला आलेल्या एका मुलाला मी हे समजावून सांगत होते. त्याने नीट दोन भाग केले होते, मागच्या फाइलला लांबलचक पासवर्ड घातला होता. मी त्याला पुढची फाइल उघडून लपवलेली सिस्टम टेबलं दाखवायला सांगितली. त्यात ‘एमसिस-ऑब्जेक्ट्स’ नावाचं टेबल असतं. फाइलमधल्या प्रत्येक वस्तूची तिथे एक ओळ. उजवीकडे सरकत गेलं की ‘कनेक्ट’ हा रकाना येतो. जोडलेल्या टेबलाच्या ओळीत, त्या रकान्यात, पीडब्ल्यूडी ही अक्षरं, पुढे बरोबरचं चिन्ह, आणि त्यापुढे त्याचा तो लांबलचक पासवर्ड, अक्षरन् अक्षर वाचता येईल असा. टेबल जोडताना ॲक्सेस तो तिथे लिहून ठेवतं. तो मुलगा बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःहून विचारलं, “म्हणजे पुढची फाइल ज्याच्याकडे, त्याच्याकडे मागची किल्ली?” हा प्रश्न ज्याला पडला तो पुढचं सगळं आपसूक शिकतो.

पासवर्डचा इतिहासही सांगायला हवा, कारण जुन्या फाइली अजून चालू आहेत. ॲक्सेस ९७ मध्ये पासवर्ड फाइलच्या सुरुवातीच्या भागात, एका ठरलेल्या आकड्यांच्या मालिकेने झाकून ठेवलेला असे. मालिका एकदा कळली की कुठल्याही फाइलचा पासवर्ड क्षणात निघायचा, आणि तो काढून देणारी छोटी साधनं सहज मिळायची. त्याच काळात वर्कग्रुप फाइलवर आधारलेली, वापरकर्त्यागणिक हक्क देणारी पद्धत होती. ती मुळात विचारपूर्वक बनवलेली होती. पण ‘ॲडमिन’ हा वापरकर्ता प्रत्येक ॲक्सेसमध्ये एकच असायचा, आणि त्याचे हक्क काढून मालकी दुसऱ्याच्या नावे केली नाही तर कुठल्याही मशिनवरून फाइल खुशाल उघडायची. पुस्तकात पायऱ्यांचा क्रम दिलेला असायचा. एक पायरी चुकली तरी वरून सगळं ठीकच दिसायचं. २००७ मध्ये नवा एसीसीडीबी प्रकार आला आणि त्यात ही पद्धत ठेवलीच नाही. तिच्याऐवजी पासवर्ड घातला की पूर्ण फाइल एन्क्रिप्ट होऊ लागली, आणि २०१० पासून ते एन्क्रिप्शन चांगलंच भक्कम झालं. आज एमडीबीमध्ये सभासदांचा डेटा ठेवून त्याला पासवर्ड आहे असं सांगणं, हे ग्राहकाला अंधारात ठेवणं आहे.

वापरकर्त्यांचे हक्क मग आपल्यालाच बांधावे लागतात. युजरचं टेबल करायचं, पण त्यात पासवर्ड ठेवायचा नाही. प्रत्येकासाठी वेगळा सॉल्ट मिसळून काढलेला हॅश ठेवायचा. व्हाउचर एकाने भरायचं, दुसऱ्याने पास करायचं. बदललेल्या प्रत्येक नोंदीची जुनी किंमत, नवी किंमत, नाव आणि वेळ वेगळ्या टेबलात जायला हवी. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी न पुसता येणारी नोंद १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची झाली आहे. पतसंस्था कंपनी कायद्याखाली येत नाहीत, पण लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्याने ही शिस्त कायद्याची वाट न पाहता लावून घ्यावी. आणि त्या क्लार्कची अडचणही विसरू नये. उशिरा आलेल्या भरण्यासाठी, व्यवस्थापकाच्या मंजुरीने मागची तारीख घेणारा फॉर्म मी नव्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात आधी लिहिला. कामाची खरी गरज समोरच्या दाराने भागली की मागच्या दाराने जाणारे निम्मे लोक कमी होतात.

एवढं सगळं करूनही एक भिंत आडवी येते, आणि ती कितीही कोड लिहून ओलांडता येत नाही. ॲक्सेसची मागची फाइल नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरमध्ये असते. ती उघडताच शेजारी लॉक फाइल तयार होते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की पुसली जाते. म्हणून त्या फोल्डरमध्ये लिहिण्या-पुसण्याचा हक्क प्रत्येक वापरणाऱ्याला द्यावाच लागतो. म्हणजेच प्रत्येक जण ती फाइल पेन ड्राइव्हवर उचलू शकतो, पुसूनही टाकू शकतो. एन्क्रिप्शन भक्कम असलं तर उचललेली फाइल त्याला उघडणार नाही. पण रोजच्या कामासाठी त्याच्याच मशिनवरच्या फाइलमध्ये किल्ली असेल, तर उघडेल. ज्याला फाइल वाचण्याचा हक्क आहे त्याच्यापासून ती फाइल लपवता येत नाही. यावर माझ्या माहितीत एकच खरा उपाय आहे: टेबलं ॲक्सेसमधून काढून डेटाबेस सर्व्हरवर नेणं.

एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती फुकट मिळते. ॲक्सेसच्या फाइलला २ जीबीची मर्यादा असते, तर एक्सप्रेसमध्ये २००८ च्या आर-टू आवृत्तीपासून एका डेटाबेसला १० जीबी मिळू लागले. तालुक्याच्या पतसंस्थेला तेवढे पुष्कळ वर्षं पुरतात. फॉर्म आणि रिपोर्ट ॲक्सेसमध्येच राहतात, लोकांची सवय मोडत नाही. डेटाची फाइल आता सर्व्हरच्या पोटात असते, सामाईक फोल्डर उरतच नाही. विंडोजच्या लॉगिननेच ओळख पटवली तर कनेक्टच्या रकान्यात लिहायला पासवर्डच नसतो. फक्त एक काळजी घ्यायची. थेट टेबलांवर हक्क दिले तर हुशार माणूस एक्सेल उघडून, फॉर्मला वळसा घालून, टेबलात शिरेल. म्हणून हक्क द्यायचे ते व्ह्यू आणि स्टोअर्ड प्रोसीजरवर. रक्कम बदलायची असेल तर माझ्या प्रोसीजरमधूनच बदलेल, आणि ती बदलाची नोंद केल्याशिवाय पुढे जाणार नाही.

याला देखभाल लागते, हे लपवत नाही. सर्व्हिस चालू आहे का बघणं, अपडेट लावणं, रोजचा बॅकअप. बॅकअपचा प्रश्न तर मोठाच. एक्सप्रेस आवृत्ती बॅकअप एन्क्रिप्ट करून देत नाही. अनेक संस्थांत तो बॅकअप एका पेन ड्राइव्हवर असतो आणि पेन ड्राइव्ह व्यवस्थापकांच्या शर्टाच्या खिशात. सर्व्हरला कितीही कड्या घातल्या तरी संपूर्ण संस्था रोज संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी जाते. मी बिटलॉकर लावलेला ड्राइव्ह दिल्याशिवाय आता काम पूर्ण झालं असं मानत नाही.

लायसन्सच्या कुलपाबद्दल माझं मत कडक आहे. सी ड्राइव्हच्या सीरियल नंबरला प्रोग्राम बांधायची जुनी युक्ती आहे. ड्राइव्ह फॉरमॅट केला की तो नंबर बदलतो, आणि संगणक दुरुस्तीला दिला की फॉरमॅट होतोच. एका संस्थेत ऐन मार्चअखेरीला असं कुलूप पडलं. विकणाऱ्याचा फोन लागेना, ऑडिटर येऊन बसलेले, आणि ठेवीदार मुदत संपलेल्या पावत्या घेऊन काउंटरवर. आपलीच खतावणी आपल्याला वाचता येईना. हे मला अन्याय्य वाटतं. पैसे थकले असतील तर नव्या नोंदी थांबवा, नवी वैशिष्ट्यं देऊ नका, नोटीस पाठवा. पण जुना हिशेब वाचणं, छापणं आणि एक्सेलमध्ये काढून घेणं कधीही बंद होता कामा नये. कोडवरच्या माझ्या हक्कासाठी १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, आणि नीट लिहिलेला करार आहे. त्याच कायद्याने ग्राहकाला प्रोग्रामची बॅकअप प्रत ठेवायची मुभा दिली आहे; ती हिरावून घेणारं कुलूप घालू नये.

डेटाच्या एन्क्रिप्शनचा पासवर्डही संस्थेचा असतो. तो फक्त प्रोग्रामरच्या डोक्यात राहणं धोक्याचं आहे. माणूस आजारी पडतो, गाव सोडतो, जातो. मी तो पासवर्ड कागदावर लिहून लाखेने बंद केलेल्या पाकिटात अध्यक्ष आणि व्यवस्थापक यांच्या सह्यांनिशी संस्थेच्या तिजोरीत ठेवायला देते. सोनेतारणाचे दागिने जिथे सुरक्षित आहेत तिथे एका पाकिटाची भर.

हे दागिने कोणाचे असतात? लेकीच्या फीसाठी पाटल्या ठेवणाऱ्या बाईचे. कर्जाच्या टेबलात जामीनदाराच्या रकान्यात कोण असतं? भावासाठी सही केलेला, आणि हप्ता थकल्याचं घरात न सांगितलेला शिक्षक. लहान गावात ही यादी फुटली तर ती परत गोळा करता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी जबाबदारी डेटा ज्याने गोळा केला त्या संस्थेवरच राहते. संचालकांना हा आकडा सांगितला की ते सावरून बसतात. मला मात्र आकड्यापेक्षा तो शिक्षक आठवतो.

सॉफ्टवेअर सुपूर्द करताना मी एक पत्र देते. त्यात हे सॉफ्टवेअर कशापासून संरक्षण करतं हे लिहिलेलं असतं, आणि कशापासून करत नाही हेही. ते मराठीत असतं आणि संचालक मंडळाच्या सभेत वाचून दाखवलं जावं असा माझा आग्रह असतो. तुम्ही एखाद्या पतसंस्थेचे संचालक असाल, किंवा तुमचा दवाखाना, दुकान, शाळा अशाच कुणीतरी लिहून दिलेल्या प्रोग्रामवर चालत असेल, तर असं पत्र मागून घ्या. आणि सॉफ्टवेअरवाल्याला समोर बसवून सांगा: आमच्या डेटाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, ती दुसऱ्या संगणकावर उघडते का ते आत्ता करून दाखवा. तोंडी उत्तर घेऊ नका.